टेम्पो भरण्याआधी तिथल्या ताईला फोन करा

मैत्रिणींनो, सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला आणि माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरलं. अकलूजपासून ही गावं काही लांब नाहीत. कुणाचं माहेर तिकडं, कुणाची नणंद दिलेली. अशी बातमी आली की आपला हात आपोआप पुढं होतो. साड्यांची गाठोडी बांधतो, भाकरी थापतो, टेम्पो भरतो. या वेळच्या पाठात मला एकच गोष्ट विचारायची आहे. तो टेम्पो तिथं उतरवून कोण घेतं?

बहुतेक वेळा तिथल्या गटाचीच एखादी ताई. तिच्या स्वतःच्या घरात गुडघाभर गाळ असतो. ज्वारीची पोती भिजलेली, म्हैस दावणीला राहिली की वाहून गेली याचा पत्ता नाही, आणि कर्जाचा हप्ता तारखेला उभाच. अशा बाईला आपण दिवसभर जुन्या साड्या निवडायला बसवतो. वर फोटो पाठवा म्हणून फोन करतो. मदत करणारी तीच आणि बुडालेलीही तीच, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

एकावर एक संकट आलं की हे आणखी अवघड होतं. ऑक्टोबर 2020 आठवा. कोरोना चालू होता, आणि 14 तारखेच्या सुमारास मुसळधार पाऊस झाला. भीमेला पूर येऊन पंढरपुरात पाणी शिरलं. कोरोना म्हणत होता लांब राहा, आणि पूर म्हणत होता सगळे एका शाळेत गोळा व्हा. त्याआधीचे कित्येक महिने राज्यभरातल्या बचत गटांच्या बायका मास्क शिवत होत्या. रोजगार बुडालेला, हात थकलेले, आणि गावात काही झालं की पुन्हा हाक त्यांनाच. आधीच वाकलेल्या पाठीवर दुसरं ओझं ठेवताना पहिलं कोण उचलणार, हे कुणीतरी विचारायला हवं ना?

आता जरा मागं जाऊ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं झोपली होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद अंगावर आलं. हजारो माणसं गेली. बाहेरून मदतीचा लोंढा आला. पण मला त्यानंतरचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजाराहून जास्त गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. सरकारनं लोकांना यात सामील करून घेण्याचं काम स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडं दिलं. संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ केलं. अनुदान कसं मिळतं, भिंत कशी बांधायची, इंजिनिअरला काय विचारायचं, हे त्या घरोघर जाऊन सांगू लागल्या. गावाची अडचण वर नेणाऱ्याही त्याच. काल ज्यांना धान्य घ्यायला रांगेत उभं केलं होतं, त्या आता बांधकामावर नजर ठेवू लागल्या.

पुढं 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातला गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा. पण घर पडलेल्या बाईशी काय बोलायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही हे काम पोचलं.

मोठ्या जगातही हाच वाद आहे बरं का. 2016 साली इस्तंबूलच्या परिषदेत देशोदेशीच्या सरकारांनी आणि मोठ्या संस्थांनी कबूल केलं होतं की 2020 पर्यंत मदतीच्या पैशातला किमान 25 टक्के भाग स्थानिक संस्थांकडं जाईल, तोही शक्य तितका थेट. ते झालं नाही. त्यांचं जाऊ द्या, आपला टेम्पो तरी वेगळा काय करतो?

मग करायचं काय? पहिलं, फोन. तिथल्या ग्रामसंघाच्या अध्यक्ष किंवा सचिव ताईंना विचारा, ‘आत्ता काय पाहिजे?’ उत्तर ऐकून चकित व्हाल. कुणी म्हणेल कपडे बास झाले, शेगडी नाही. कुणी म्हणेल जनावरांना चारा द्या, औषधं द्या, पॅड द्या. कुणाला फक्त मोटार लावून विहिरीतलं पाणी उपसायला माणूस हवा असेल.

दुसरं, जमेल तिथं वस्तूंपेक्षा पैसे बरे, आणि ते कुणाच्या हातात न देता ग्रामसंघाच्या बँक खात्यावर. पण गटाच्या बचतीला हात लावू नका. ती सगळ्या सभासदांची आहे. वेगळी वर्गणी काढा, ठराव करा, इतिवृत्तात रक्कम आणि खातं लिहा. विश्वास आहे म्हणून हिशेब नको, असं मुळीच नाही. फक्त हिशेब एका पानाचा असू द्या. किती आले, कशावर गेले, दोघींच्या सह्या. दोन हजार रुपयांसाठी दहा फोटो आणि बॅनर मागायचा असेल तर ते पैसे आपल्याकडंच राहू द्यात, असं मी तर स्पष्ट म्हणेन.

तिसरं काम आपण नेहमी विसरतो. त्या ताईचा स्वतःचा खर्च. तिचा एसटीचा किंवा रिक्षाचा खर्च, फोनचा रिचार्ज, बुडालेली मजुरी वर्गणीतूनच वेगळी काढा आणि ठरावात तसं लिहा. ‘सेवा आहे, पैसे कशाला’ हे ज्याचं घर कोरडं आहे त्यानं म्हणू नये. जमलं तर आपल्यातल्या दोघी चार दिवस जाऊन तिच्याच घरातला गाळ काढा. ती मोकळी झाली की गावाचं ती बघेल.

आणि घाई करून लगेच परत येऊ नका. आपल्या शेजारी म्हसवडला 2012-13 च्या दुष्काळात माणदेशीनं जनावरांसाठी चारा छावणी चालवली. बातम्या थांबल्या तरी जनावराला रोज वैरण लागतेच. पुराचंही तसंच. पहिल्या आठवड्यात सगळे येतात. दिवाळीनंतर, बियाणं घ्यायच्या वेळी, हप्ता थकल्यावर कोण येतं? वर्गणीतले निम्मे पैसे तेव्हासाठी ठेवता येतील का, यावर गटात बोला.

नीरा आपल्याही दारातून वाहते. पुढच्या बैठकीत सीनाकाठच्या किंवा पंढरपूरकडच्या एका ग्रामसंघाचं नाव आणि तिथल्या दोन ताईंचे नंबर वहीत लिहून घ्या. आपले दोन नंबर त्यांना द्या. पाणी नसतानाच एकदा फोन करून ठेवा, म्हणजे ओळख होईल.