स्कोनच्या रंगावर जाऊ नका

ओव्हनमधला स्कोन वरून खरपूस दिसला की बहुतेक वेळा तो आतूनही झालेला असतो. एअर फ्रायरमध्ये हा भरवसा धरता येत नाही. मी इथे ब्रिस्टलमध्ये राहते, घरात चहाबरोबर फ्रूट स्कोन नेहमीचेच, म्हणून जे अनुभवलं ते सविस्तर सांगते.

इंग्लंडमध्ये २०२२ साली विजेची आणि गॅसची बिलं भडकली आणि घरोघरी एअर फ्रायर आले. आमच्याकडेही तेव्हाच आला. चार स्कोनसाठी मोठा ओव्हन पंधरा मिनिटं नुसता तापवायचा, हे जिवावर यायचं. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत कृती होती: २०० अंश, १२ मिनिटं. त्याप्रमाणे केलेले स्कोन दिसायला देखणे झाले. पाठ तपकिरी, बाजू फुगलेल्या. भाचीने जॅम लावून निम्मा संपवलाही. मी माझा मधोमध मोडला, तर आत बेदाण्यांभोवती ओला, चिकट गोळा. बोटाला पीठ लागून आलं. तिच्या हातातला उरलेला तुकडा मी लगेच काढून घेतला.

मैदा कच्चा पोटात जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. धान्य शेतातून येतं, त्यावर ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. दळताना ते मरत नाहीत, नीट भाजल्यावरच मरतात. अंडं घातलेलं नसलं की कच्चं पीठ खाल्लं तरी चालतं, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. भाचीला सुदैवाने काही झालं नाही. पण त्या पुस्तिकेतला आकडा मी पुन्हा कधी वापरला नाही.

असं का होतं, ते यंत्राकडे पाहिलं की कळतं. बहुतेक एअर फ्रायरमध्ये तापणारी कॉइल वर असते, तिच्यावर पंखा, आणि बास्केट लहान. स्कोनची पाठ कॉइलपासून जेमतेम काही इंचांवर येते. गरम हवेचा झोत तिच्यावर सतत आदळतो, पृष्ठभाग भराभर सुकतो आणि रंग धरतो. आतल्या पिठापर्यंत उष्णता पोचायला मात्र तिचा वेळ लागतोच. पंखा कितीही जोरात फिरला तरी तो वेळ फारसा कमी होत नाही. त्यात स्कोन एकमेकांना चिकटून ठेवले तर बाजूंना वारा लागत नाही आणि मधला भाग आणखी मागे राहतो.

म्हणून तापमान उतरवा आणि स्कोन बुटका करा. ओव्हनसाठी २२० अंश सांगितले असतील तर एअर फ्रायरला १८० पुरे. आधी तीन-चार मिनिटं रिकामा तापवून घ्या, कारण फुलायला सुरुवातीची उष्णता लागतेच. पीठ दोन सेंटिमीटर जाड थापा, त्याहून जाड नको, आणि पाच सेंटिमीटरच्या गोल साच्याने कापा. साचा सरळ खाली दाबून सरळ वर उचला. पिळला तर कडा मिटतात आणि स्कोन एका अंगाला कलतो. दोन स्कोनमध्ये बोटभर अंतर ठेवा. १८० वर साधारण आठ मिनिटं, मग १६० वर तीन-चार, आणि शेवटी उलटे करून दोन मिनिटं. उलटं करणं टाळू नका, कारण खालून वारा कमी लागतो आणि बूड पांढरं राहतं. प्रत्येक यंत्राचा स्वभाव निराळा, तेव्हा हे आकडे सुरुवातीपुरते धरा आणि पहिल्यांदा एकच स्कोन भाजून मोडून पाहा.

झालं की नाही ते काडी खुपसून कळत नाही. काडी बेदाण्यात शिरली तर भाजलेल्या स्कोनमधूनही चिकट निघते. त्यापेक्षा स्कोनच्या कमरेला, जिथे तो फुगून चीर पडते तिथे, हलकं दाबून पाहा. भाग परत वर आला पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंश भरले की निश्चिंत व्हा.

प्रमाण साधं आहे. २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग मैदा, ५५ ग्रॅम लोणी, ३० ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम बेदाणे, चिमूटभर मीठ, आणि दूध लागेल तसं, साधारण १३० मिलिलिटर. असा आधीच बेकिंग पावडर मिसळलेला मैदा आमच्या ब्रिस्टलच्याच हेन्री जोन्स या बेकरने काढला आणि १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं. महाराष्ट्रात तो सहज मिळाला नाही तर दर १५० ग्रॅम साध्या मैद्याला दोन चमचे बेकिंग पावडर घालून दोनदा चाळा. तिच्या जागी खायचा सोडा मात्र घालू नका. सोड्याला आंबट काहीतरी लागतं. साध्या दुधात तो तसाच उरतो आणि स्कोनला साबणासारखी चव येते. लोणी खारवलेलं असेल तर वेगळं मीठ नको.

चकलीच्या पिठाला आपण कडकडीत मोहन घालतो, इथे नेमकं उलटं. लोणी फ्रीजमधून काढलेलं, थंडगार हवं. ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरत जायचं, रवाळ दिसलं की थांबायचं. दूध घातल्यावर पीठ जेमतेम गोळा होईपर्यंतच एकत्र करा. कणीक तिंबायची सवय असलेल्या हाताला इथे आवर घालावा लागतो. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि स्कोन फुलत नाही.

बेदाण्यांचं एक वेगळं दुखणं आहे. वर डोकावणारा बेदाणा त्या झोतात काही मिनिटांत काळा पडतो आणि कडू लागतो. म्हणून कापल्यावर पाठीवर दिसणारे बेदाणे बोटाने आत दाबा, किंवा काढून घ्या. तासगावचे बेदाणे घरून आले असतील तर जरूर तेच वापरा. कोमट चहात वीस मिनिटं भिजवले तर आणखी रसदार होतात. फक्त नंतर फडक्यावर पसरून पुरते टिपून घ्या. त्यांच्यातलं पाणी पिठात उतरलं तर आतला भाग हमखास कच्चट राहतो.

पाठीला अंड्याऐवजी दुधाचा हात फिरवा. अंड्याने रंग फारच लवकर चढतो आणि पुन्हा तीच फसगत होते. मैद्याचे पदार्थ फार गडद भाजल्यावर त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन वाढतं. इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१७ साली लोकांना सोनेरी रंगावर थांबायला सांगितलं होतं ते त्यासाठीच. स्कोनलाही सोनेरीच शोभतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, बेकिंग पेपर. माझ्या एका मैत्रिणीने यंत्र तापत असतानाच बास्केटमध्ये मोकळा कागद घातला होता. पंख्याच्या वाऱ्याने तो उडाला, वर कॉइलला चिकटला आणि धूर येऊ लागला. तिने प्रसंगावधान राखून बास्केट न उघडता बटण बंद केलं आणि प्लग काढला. हेच बरोबर आहे. बास्केट ओढली तर आत हवा जाते आणि धुमसणारा कागद पेट घेऊ शकतो. कागद बुडाहून थोडा लहान कापा, कडा वर येऊ देऊ नका, वर स्कोन ठेवूनच तो आत जाऊ द्या. बास्केटची सगळी भोकं झाकू नका, नाहीतर हवा खेळत नाही. आणि एअर फ्रायर शेगडीवर कधीही ठेवू नका, शेगडी बंद असली तरी.

भाजून झालेले स्कोन जाळीवर दहा-पंधरा मिनिटं निवू द्या. आतली वाफ तेवढ्या वेळात बसते. गरम स्कोनवर क्लॉटेड क्रीम लावलं तर वितळून वाहून जातं, मग डेव्हनच्या रीतीने आधी क्रीम लावा की कॉर्नवॉलच्या रीतीने आधी जॅम. मला डेव्हनची रीत पटते. उरलेले स्कोन त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. खायच्या वेळी बाहेर काढून मऊ होऊ द्या आणि १६० अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवा, ताज्यासारखे होतात. या कामाला एअर फ्रायर ओव्हनपेक्षाही सरस आहे.

चार माणसांच्या चहाला तो पुरतो. दहा जण यायचे असतील तर ओव्हनच लावा. बेकिंग पावडर दूध पडल्याक्षणी कामाला लागते, आणि बास्केट रिकामी होण्याची वाट पाहत ओट्यावर थांबलेला दुसरा घाणा पहिल्याइतका फुलत नाही.