'रेडी ऑर नॉट' खेळायचा आहे? नांदेड-लातूरकरांनी आधी खर्च मोजावा

स्वॅट, म्हणजे पोलिसांच्या विशेष सशस्त्र पथकाचे प्रमुख तुम्ही. दाराआड कोण आहे याचा अंदाज घ्यायचा, ओलीस सोडवायचे, संशयिताला शक्यतो जिवंत बेड्या घालायच्या. विनाकारण गोळी झाडली की गुण कापले जातात. हा 'रेडी ऑर नॉट' संगणकावर डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि जुलै २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीजवर. मोबाइलवर तो नाही. याच नावाचे मोबाइल ॲप कुणी पाठवले तर ते उघडू नका.

खेळाची किंमत हा खर्चातला छोटा आकडा आहे, म्हणून आधी यंत्राकडे बघा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉलेजच्या लॅपटॉपवर हा खेळ नीट चालत नाही. नवा गेमिंग संगणक जुळवून घ्यायचा तर ६० ते ७० हजार रुपये धरा. मॉनिटर, कीबोर्ड आणि हेडफोन त्यात आहेत का, ते दुकानदाराला पहिल्याच वाक्यात विचारा. दर जीएसटीसकट सांगायला लावा, कारण संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे आणि 'बिल नको असेल तर कमी करतो' ही सवलत तुम्हाला वॉरंटीत महाग पडते. ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि एसएसडी यांचे सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. नांदेडची बरीच मंडळी रेल्वेने सिकंदराबादला जाऊन चिनॉय ट्रेड सेंटर या संगणक बाजारातून माल आणतात. भाव दोन-चार हजारांनी उतरतो, हे खरे. पण कार्ड बिघडले तर तिथेच परत जावे लागेल, तो तिकिटाचा आणि दिवसाचा खर्च त्यात मिळवा. जुना लॅपटॉप घेत असाल तर मूळ बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. अर्धा तास खेळ चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. यंत्र तापून बंद पडते ते पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, हे लक्षात ठेवूनच तपासा.

'नो कॉस्ट ईएमआय' घेताना दोन गोष्टी विचारा: प्रोसेसिंग फी किती, आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी कोण भरणार? उत्तर बहुधा 'तुम्ही' असेच असते.

प्लेस्टेशन घरी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. मित्रांसोबत ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसचे सदस्यत्व वेगळे घ्यावे लागते, एक्सबॉक्सचेही तसेच. संगणकावर स्टीमवरून घेतला तर ऑनलाइन खेळायला मासिक शुल्क नाही. पाच जणांचे पथक जमवायचे असेल तर हा फरक वर्षाअखेर हजारोंचा होतो.

आता खरेदी. स्टीमवर खाते मोफत आहे, कागदपत्र लागत नाही, ईमेल आणि मोबाइल पुरतात. दर रुपयांत दिसतो, यूपीआय चालते. घाई नसेल तर जूनअखेरचा उन्हाळी किंवा डिसेंबरअखेरचा हिवाळी सेल गाठा. या खेळावर निम्म्यापर्यंत सूट येऊन गेलेली आहे. 'होम इनव्हेजन' आणि 'डार्क वॉटर्स' हे जादा भाग वेगळे विकत मिळतात. ते पहिल्या दिवशी मुळीच घेऊ नका. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परतावा मागितला तर पैसे मिळतात. म्हणून दोन तास भरायच्या आत आधी यंत्र तपासून घ्या. कथा नंतर.

इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवर दोन-तीनशे रुपयांत 'ओरिजनल आयडी' देणारे भेटतील. ते दुसऱ्याचे खाते असते. उद्या त्याने पासवर्ड बदलला की पैसे आणि खेळ दोन्ही गेले, आणि स्टीमच्या नियमांत खाते विकणे बसत नाही. रीतसर मार्ग हवा असेल तर स्टीम फॅमिलीजमध्ये सहा जणांचा गट करता येतो. एका प्रतीवर एका वेळी एकच जण खेळतो, आणि प्रत्येक खेळ त्यात वाटता येतोच असे नाही, म्हणून स्टोअरवर आधी खात्री करा.

डाउनलोडसाठी ६० जीबी धरा, डिस्कवर १०० जीबी मोकळी ठेवा. रोज दीड जीबीच्या मोबाइल प्लॅनवर हे ४० दिवसांचे काम आहे. ३० एमबीपीएसच्या फायबरवर साडेचार तास लागतात. ३९९ रुपयांचा प्लॅन जीएसटी धरून ४७१ होतो. बसवण्याचे आणि राउटरचे पैसे वेगळे का, ते लेखी घ्या. लातुरात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी घरमालकाच्या वायफायवर एवढे डाउनलोड विचारल्याशिवाय लावू नये.

वीज: ३०० वॅटचे यंत्र रोज तीन तास चालले की महिन्याला २७ युनिट. महावितरणच्या १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात दर पहिल्या शंभरापेक्षा बराच जास्त आहे, तेव्हा बिलातली वाढ त्या दराने धरा. वीज अधूनमधून जाते म्हणून यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा सुमारे ३६० वॅटच पेलतो. १००० व्हीएचा घ्या.

एवढे करायचे नसेल तर गेमिंग कॅफे बघा. बसण्यापूर्वी विचारा: खेळ आधीच टाकलेला आहे का, की तुमच्या तासातून डाउनलोड होणार? खाते तुमचे की कॅफेचे? स्वतःच्या खात्याने बसलात तर उठताना साइन आउट करा.

पालकांनो, हा खेळ प्रौढांसाठीच आहे. बाललैंगिक शोषण आणि कॉलेजमधला गोळीबार असे विषय त्यात थेट येतात. नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला तो घेऊन देऊ नका.

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम थांबवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. दुकानदार वॉरंटी नाकारत असेल तर आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मिटले नाही तर नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार द्या: बिल, वॉरंटी कार्ड, दुकानदाराशी झालेले संदेश. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.