चोक ओढून पाहा

प्रश्न : माझी १९९६ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० उभी असताना झटके खाते, वेग घेतला की सुधारते. प्लग, वायरी नव्या टाकल्या; फरक नाही.
— एक वाचक, बेला (जि. आदिलाबाद)

उत्तर : आणखी सुटे भाग घेऊ नका. इंजिन गरम झाल्यावर चोक जरासा ओढा. झटके थांबले, तर पेट्रोल कमी, हवा जास्त होतेय. प्लगचे टोकही पांढरट दिसेल. निरोगी प्लग फिकट तपकिरी असतो. आयडलिंगला त्रास आणि वेगात आराम, हे लक्षण बहुधा चोरून शिरणाऱ्या हवेचे. कार्बोरेटरखालचे गॅस्केट आणि व्हॅक्यूमचे रबरी पाइप बघा. संशयाच्या जागी साबणपाणी फवारा. इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तिथेच. पेट्रोल मात्र कधीच फवारू नका, आग लागेल.

शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोच. जुन्या कार्बोरेटरला हा फरक कळत नाही, म्हणून हवा आणखी जास्त ठरते. जुने रबरही इथेनॉलने लवकर खराब होते.

मिश्रणाचा स्क्रू गळती बंद केल्यावरच फिरवा, आधी नाही. आणि काम लांबवू नका. हवा जास्त असलेल्या मिश्रणावर गाडी जास्त दिवस चालवल्यास व्हॉल्व्ह जळू शकतात.