आधी चेन मोजा, मग खर्च करा

प्रश्न : गिअरच्या सायकलची चेन घसरते. दुकानदार चेनबरोबर फ्रीव्हीलही बदलायला सांगतात. विश्वास ठेवावा का? घरी कोणतं हत्यार ठेवावं?

उत्तर : विश्वास किंवा संशय, दोन्हींच्या आधी मोजमाप हवं. त्यासाठी स्टीलची फूटपट्टी पुरते. चेनच्या लगतच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. म्हणून नव्या चेनची पहिली आणि पंचविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येतात. सांधे झिजले की हे अंतर वाढतं. चेन ताणून पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. पंचविसावी पिन 1/16 इंच पुढे गेली असेल, तर सहसा नुसती चेन बदलून भागतं. 1/8 इंच गेली असेल, तर फ्रीव्हीलचे दातही बहुधा झिजलेले असतात आणि त्यांवर नवी चेन घसरते; मग दुकानदारांचा सल्ला रास्तच. लांबी वाढलेलीच नसेल, तर आधी गिअरची केबल तपासून घ्या.

चेनचं गेज जास्त सोपं, हे खरं. पण काही गेज रोलरची ढिलाईही मोजतात आणि झीज जास्त दाखवतात. मोजायला सांगण्यात कारागिराचा अपमानही नाही. उलट चांगल्या कारागिराचं म्हणणं त्यानं सिद्धच होतं.