वर्गातील जबाबदारी आणि तिची वाटणी

महाविद्यालयात तास भरतो म्हणजे नेमके काय घडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्राध्यापक येतात, हजेरी होते, व्याख्यान होते, काही जण लिहून घेतात, काही जण खिडकीबाहेर पाहतात आणि घंटा होते. वर्षअखेर निकाल चांगला लागला, तर शिकवणे चांगले झाले असे प्राध्यापकांना वाटते व आपण अभ्यास चांगला केला असे विद्यार्थ्यांना वाटते. निकाल खालावला म्हणजे मात्र बोट समोरच्याकडे वळते. ‘मुलांना अभ्यास नको’ असे एक पक्ष म्हणतो, ‘सरांचे काही समजत नाही’ असे दुसरा म्हणतो. यशाला दोन धनी आणि अपयशाला एकही नाही, अशी ही स्थिती आहे. वर्गात जे घडते त्याची जबाबदारी कोणाची व ती वाटून घेता येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न सर्वत्र आहे. परंतु आपल्या भागात त्याला एक वेगळी धार आहे. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले आणि नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग इकडे आला. 2016 साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा हलल्या, माणसे व त्यांच्या भाषा होत्या तेथेच राहिल्या. त्यामुळे आपल्या एकाच वर्गात घरी तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणारे विद्यार्थी बसतात आणि पाठ्यपुस्तक इंग्रजीत वा तेलुगूत असते. अशा वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेला विद्यार्थी आळशी असेलच असे नाही. त्याला वाक्यच कळलेले नसते, आणि ते विचारण्याची जबाबदारी त्याची की ओळखण्याची जबाबदारी शिक्षकांची, हे कोणी ठरवलेले नसते. दोन सत्रांनंतर तो येईनासा होतो. जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्न आपल्याकडे एखाद्याच्या शिक्षणाच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो तो असा.

1. कामाची वाटणी व जबाबदारीची वाटणी

प्रथम एक भेद स्पष्ट करू. फळा पुसणे, खडू आणणे, हजेरीपट कार्यालयात पोहोचवणे, ही कामे आपण विद्यार्थ्यांना देतो. ही कामाची वाटणी झाली. जबाबदारी देणे म्हणजे त्या कामाविषयी निर्णय घेण्याचा काही अधिकार देणे आणि त्या निर्णयाचा हिशेब मागणे. अधिकार न देता हिशेब मागितला तर ती वेठ होते. अधिकार देऊन हिशेब मागितला नाही तर बेशिस्त होते. वर्गप्रतिनिधी निवडला जातो, पण वर्गाच्या वतीने काहीही ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो. मग तो केवळ निरोप्या राहतो. पुढे तोच विद्यार्थी ‘आमच्या हातात काय आहे?’ असे म्हणू लागतो तेव्हा त्याला दोष देता येत नाही.

इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. आपल्याकडील जुन्या गावठी शाळांत धूळपाटीवर अक्षरे गिरवत आणि मोठी मुले लहानांना शिकवत. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख असलेले अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मलबारी मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले, ती रीत आपल्या शाळेत आणली आणि 1797 साली तिच्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. लंडनमध्ये जोसेफ लँकास्टर यांनीही अशीच पद्धत चालवली. एक शिक्षक, त्याच्या हाताखाली अनेक ‘मॉनिटर’ आणि शेकडो मुले, अशी ती व्यवस्था होती. ती स्वस्त पडली म्हणून झपाट्याने पसरली. पण मॉनिटरने स्वतः विचार करावा ही अपेक्षा तीत नव्हती. वरून आलेला धडा त्याने खाली घोकून घ्यावयाचा होता. मुलांनी मुलांना शिकवण्याची मूळ रीत चांगलीच होती. तिच्यातून समजुतीचा भाग वगळला गेला आणि ती यंत्रासारखी झाली. आज ‘गटचर्चा’ नावाखाली तेच होऊ नये, एवढा धडा यातून घ्यावा.

2. मारलवाईचा प्रयोग

जबाबदारी खरोखर कशी सोपवली जाते हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. जैनूरजवळचे मारलवाई हे गोंडांचे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. आज ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. जमीन व जंगल यांवरील हक्कांसाठी उभे राहिलेले कुमरम भीम 1940 साली जोडेघाट येथे मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने या असंतोषाची कारणे जाणण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना येथील गोंडांचा अभ्यास करण्यास पाठवले. त्यांनी पत्नी बेट्टी यांच्यासह मारलवाईत मुक्काम केला. गोंडांच्या हातून जमिनी जाण्यामागे अनेक कारणे होती. त्यांतील एक असे की, कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. पट्टा असो की सावकाराची पावती, वाचणारा दुसराच असे.

1943 साली मारलवाईत गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. बाहेरून शिक्षक आणावेत तर त्यांना गोंडी येत नव्हती आणि जंगलातल्या गावी राहण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून ज्यांना थोडेफार लिहिता-वाचता येत होते अशा गोंड तरुणांनाच शिकवून शिक्षक करावयाचे ठरले. गोंडीची वाचनपुस्तके तयार झाली. त्यांत गोंडांच्या स्वतःच्या कथा आल्या. या भागातील गोंडांचा त्या काळी मराठीशी अधिक परिचय होता, म्हणून लिपी देवनागरी घेतली. काल जो शिकत होता तो आज आपल्या गावी शाळा चालवू लागला. कोणती भाषा, कोणत्या गोष्टी, कोणते गाव, या सर्वांत त्याच्या ज्ञानाला किंमत होती. जबाबदारी व अधिकार येथे एकत्र आले, हे या प्रयोगाचे मर्म होय.

या कामात एका मराठी माणसाचाही वाटा आहे. पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी त्या वेळी हैदराबाद राज्याच्या सेवेत अधिकारी होते. त्यांनी आदिलाबादच्या गोंडांत काम केले, गोंडी शिकली, तिचे व कोलामीचे व्याकरण लिहिले आणि गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अधिकाऱ्याने आपल्या भाषेत बोलावे असा हट्ट त्यांनी लोकांकडून ऐकून घेतला नाही. लोकांची भाषा शिकणे हे त्यांनी स्वतःचे काम मानले. शिक्षकाच्या जबाबदारीची सुरुवात कोठून होते, हे यावरून कळावे. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे : गोंडी व कोलामी या कन्नड-तेलुगूच्याच द्राविड कुळातल्या भाषा आहेत. गोंड विद्यार्थ्याला जंगलातली कसलीशी बोली येते असे समजणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. राज्य बदलले, शिक्षणाची भाषा बदलली, गोंडीतून शिकवणे मागे पडले आणि गोंडी न जाणणारे शिक्षक अनेक शाळांत आले. हायमेनडॉर्फ अनेक वर्षांनी परत आले तेव्हा या घसरणीबद्दल त्यांनी खेदाने लिहिले. जबाबदारी एकदा वाटली म्हणजे कायमची वाटली जाते असे नाही. वरचा आधार गेला की ती पुन्हा एका जागी गोळा होते, आणि बाकीचे पुन्हा ऐकणारे होतात. बेट्टी 1987 साली वारल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे व गावाने ती जपली आहे.

3. महाराष्ट्रातील काही उदाहरणे

साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते व तेथील छात्रालयाचे काम पाहत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी रागावत नसत. मुले शाळेत गेली की स्वतः खोल्या आवरून ठेवत. मुलांना हे कळले तेव्हा ती लाजली आणि आपली खोली आपण आवरू लागली. शिक्षकाने प्रथम स्वतः उचललेली जबाबदारी विद्यार्थी पुढे उचलतो, ती अशी.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक व इतर कामे स्वतः करत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्याच विचारातून पुढे आली. 1937 साली वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नई तालीमची योजना आखली. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाक व हिशेब ही कामे मुले पाहत आणि आपल्या सभेत त्यांचा आढावा घेत. हिशेब मुलांच्या हाती देणे हे झाडू देण्यापेक्षा अवघड आहे. म्हणून त्याचे मोल अधिक.

कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी केलेले काम तर सर्वश्रुत आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ‘मुले येत नाहीत’ या वाक्याने जेथे पुष्कळांचे काम संपते, तेथून त्यांचे सुरू झाले.

4. आपल्या वर्गात काय करता येईल?

वरील उदाहरणे शाळांची व वसतिगृहांची आहेत. महाविद्यालयात सत्रपरीक्षा असतात, अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि वेळ थोडा असतो. तरीही पुढील गोष्टी कोणाचीही परवानगी न घेता करता येण्याजोग्या आहेत.

(अ) सत्राच्या पहिल्या तासाला वर्गाचे नियम दोघांनी मिळून ठरवावेत. त्यांत विद्यार्थ्यांचे नियम असावेत तसे प्राध्यापकांचेही असावेत : तासाला वेळेवर येणे, तपासलेल्या उत्तरपत्रिका ठरल्या मुदतीत परत करणे, तास होणार नसेल तर आधी कळवणे. बाहेरगावाहून बसने येणाऱ्या विद्यार्थिनीला रद्द झालेल्या तासाची किंमत अधिक मोजावी लागते.

(आ) पाच-सहा जणांचे गट करावेत; प्रत्येक गटात निरनिराळ्या मातृभाषांचे विद्यार्थी असावेत. झालेला भाग आपल्या भाषेत समजावून सांगण्याचे काम पाळीपाळीने प्रत्येकाकडे यावे. उदाहरणार्थ, अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता शिकवली. मिठाचा भाव वाढला तरी घरात मीठ तेवढेच लागते. फळांचा भाव वाढला तर बाजारातून हात हलवत परत येता येते. इंद्रवेल्लीच्या बाजारातले हे उदाहरण एखाद्याने गोंडीत सांगितले, तर ऐकणाऱ्यास समजतेच, पण सांगणाऱ्याचेही अधिक पक्के होते. जे समजावून सांगता येत नाही ते आपल्याला समजलेले नाही, हे त्याला तेथेच कळते.

(इ) प्रत्येक विषयाची एक शब्दवही वर्गाने ठेवावी. इंग्रजी संज्ञेपुढे तेलुगू, मराठी, गोंडी व उर्दू शब्द विद्यार्थ्यांनी लिहावेत आणि प्राध्यापकांनी तपासावेत. ती पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे सोपवावी. तीन-चार वर्षांत असा कोश तयार होईल की जो कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

(ई) महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे आढाव्यासाठी राखावीत. काय ठरले होते, काय झाले, काय राहिले, हे दोन्ही बाजूंनी सांगावे. बोलायला संकोच वाटणाऱ्यांसाठी प्रश्नवही असावी. तीत नाव न घालता लिहिण्याची मुभा असावी.

5. आक्षेप

याने अभ्यासक्रम मागे पडेल, असे काही प्राध्यापक म्हणतील. थोडा पडेलही. पण व्याख्यानाने पूर्ण झालेला आणि अर्ध्या वर्गाला न समजलेला अभ्यासक्रम पूर्ण झाला असे म्हणता येईल काय? दुसरा आक्षेप असा की, हुशार विद्यार्थीच सर्व ओझे वाहतील. पाळी कडकपणे पाळली नाही तर तसे होईल, म्हणून ती पाळण्यावर लक्ष ठेवणे हे प्राध्यापकांचे काम राहते. तिसरा आक्षेप अधिकाराचा : विद्यार्थ्यांना बोलू दिले तर धाक राहणार नाही. धाक कमी होईल हे खरे. मात्र विषयाच्या ज्ञानामुळे मिळणारा मान त्याने कमी होत नाही. शिवाय काही जबाबदाऱ्या वाटून देताच येत नाहीत. विषय नीट जाणणे, गुण निःपक्षपातीपणे देणे, दुबळ्याची टवाळी वर्गात होऊ न देणे, या शिक्षकाच्याच आहेत. त्याचप्रमाणे वाचन करणे, उत्तर स्वतःचे लिहिणे व न समजलेले विचारणे, ही विद्यार्थ्याची कामे कोणी त्याच्यासाठी करू शकत नाही. गाईड पाठ करून वा नक्कल करून उत्तीर्ण होणारा विद्यार्थी आपला वाटा टाळतो, आणि त्याचे ओझे पुढे त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांवर पडते.

विद्यार्थ्याला विद्येचा एक चतुर्थांश आचार्यांकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि एक काळाच्या ओघात मिळतो, अशा अर्थाचे एक जुने सुभाषित आहे. चार वाट्यांपैकी सहाध्यायांचा वाटा आपल्या वर्गांत बहुतेक पडूनच असतो. या सत्रात निदान एका विषयात, एका गटापुरता तरी तो वापरून पाहावा, आणि काय साधले व काय फसले हे पुढील अंकात विद्यार्थी व प्राध्यापक दोघांनीही लिहावे, अशी विनंती आहे.