बटाट्याचे माहेर

बटाटा ठाऊक नाही असा आपणांत कोणी नसेल. उपवासाच्या दिवशी तर त्याच्यावाचून आपले चालतच नाही. तथापि हा बटाटा मूळचा आपल्याकडील नव्हे. त्याचे नावदेखील पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. त्याचे खरे माहेर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. तेथील डोंगरी लोक आपल्या भूमीतील वनस्पतींचा उपयोग कसा करतात, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

पेरू व बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,८०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. दिवसा कडक ऊन आणि रात्री हाडे गोठविणारी थंडी असा तेथील हिवाळा. या परिसरात केचुआ व आयमारा लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी रानटी बटाटा लागवडीखाली आणला.

अतिशय उंचावर थंडीला टिकणाऱ्या बटाट्याच्या काही जाती कडू असतात. हा कडूपणा विषारी द्रव्याचा असून तो नुसत्या उकडण्याने जात नाही. यावर या लोकांनी थंडीलाच कामास लावले. दक्षिण गोलार्धात जून-जुलैमध्ये हिवाळा असतो. त्या दिवसांत बटाटे रात्री उघड्यावर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात आणि दिवसा उन्हाने मऊ पडतात. असे काही दिवस झाले की घरची माणसे ते अनवाणी पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढतात व नंतर ते खडखडीत वाळवितात. यालाच 'चुन्यो' म्हणतात. याचाच एक पांढरा प्रकार करताना बटाटे कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवतात, म्हणजे कडूपणा धुऊन जातो. चुन्यो वर्षानुवर्षे टिकतो आणि दुष्काळात घर तारतो.

त्यांचे दुसरे शहाणपण असे की, ते एकाच शेतात बटाट्याच्या अनेक जाती लावतात. कोणी थंडीला टिकते, कोणी रोगाला. सर्व पीक एकदम बुडत नाही. युरोपने बटाटा नेला, पण हे शहाणपण नेले नाही. आयर्लंडमधील गोरगरीब बहुतांशी एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होते. १८४५ साली तेथे करपा रोग पडला आणि पिकामागून पीक कुजले. राज्यकर्त्यांच्या अनास्थेची त्यात भर पडली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि तितकीच देशोधडीस लागली. वनस्पती जहाजात घालून नेता येते. तिच्याबरोबरचे ज्ञान मात्र माणसांकडून शिकावे लागते.

असे ज्ञान नित्याच्या आचरणानेच टिकते. पेरूमधील आपुरिमाक नदीवर केसवाचाका नावाचा सुमारे २८ मीटर लांबीचा झुलता पूल आहे. तो डोंगरावरील इचू गवताचा असतो. दरवर्षी जूनमध्ये चार गावांतील कुटुंबे गवताच्या दोऱ्या वळून आणतात. त्या दोऱ्यांचे जाड दोर होतात, जुना पूल नदीत सोडून देतात आणि नवा बांधतात. लहान मुले हे पाहत पाहतच शिकतात. २०१३ साली युनेस्कोने या परंपरेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. परंतु २०२० साली महामारीमुळे बांधणी राहिली आणि २०२१ च्या मार्चमध्ये तो पूल कोसळला. गावकऱ्यांनी त्याच वर्षी तो पुन्हा बांधला. हात शिकलेले होते, म्हणूनच हे शक्य झाले. एका वर्षाच्या खंडाने पूल पडला. एका पिढीचा खंड पडला असता तर तो पुन्हा बांधणार कोण?

आपल्या सह्याद्रीच्या कुशीतही हाच प्रश्न उभा आहे. पहिला पाऊस पडला की टाकळ्याची कोवळी पाने खुडावी, हे आपल्या आजीला ठाऊक असते. अळू खाजू नये म्हणून त्यात चिंच किंवा आमसूल घालावे, हेही तिने कोणत्या पुस्तकातून घेतलेले नसते. येत्या पावसाळ्यात एके दिवशी तिच्याबरोबर रानाच्या कडेने हिंडा. ती ज्या वनस्पती दाखवील त्यांची नावे तिच्याच बोलीत वहीत उतरवा. कोणती केव्हा खुडावी आणि कोणती टाळावी, तेही तिला विचारा. अँडीजमधील मुलांना जे पायांनी व हातांनी शिकावयास मिळते, ते आपल्या दारीही आहे. विचारणारा मात्र पाहिजे.