आधी हात बसू द्या

बारावीचा निकाल लागला की ठाणे-डोंबिवलीतले आईवडील ठरलेला प्रश्न घेऊन येतात, "बायोकेमिस्ट्री घेऊन पुढे काय?" मी आधी मुलीकडेच वळते आणि विचारते, "पिपेट कधी हातात घेतलीस का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. बारावी क्लासच्या नोट्सवर पार पडलेली असते.

या विषयात हात बसावा लागतो. मायक्रोपिपेटचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. द्रव ओढताना पहिल्याच टप्प्यावर थांबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत जायचं. नवखी मुलं ओढतानाच तळापर्यंत दाबतात आणि द्रव जास्त येतो. 100 मायक्रोलिटर पाणी दहा वेळा तराजूवर टाकून पाहा. दर वेळी 0.1 ग्रॅमच्या आसपास वजन आलं, तर हात बसू लागला. पुढे प्रथिनं मोजायचा बाययुरेटचा प्रयोग. प्रथिनांचं प्रमाण वाढवत नेलेल्या टेस्टट्यूबमध्ये निळा रंग जांभळा होत जातो, कलरीमीटरवर 540 नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं आणि आलेख काढायचा. एखादा बिंदू रेषेबाहेर पडला, की बहुधा त्या ट्यूबमध्ये चूक झालेली असते. तो बिंदू खोडू नये, ट्यूब पुन्हा करावी.

हाताइतकीच चिकाटीही लागते. बायोकेमिस्ट कमला सोहोनींना 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींतलं सायटोक्रोम-सी सापडलं. मुंबईला परतल्यावर त्यांनी नीरेतल्या पोषणद्रव्यांचा अभ्यास केला.

ठाण्याचं बांदोडकर असो की कल्याणचं बिर्ला, प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघून या. एका मायक्रोपिपेटमागे किती मुलं आहेत, ते विचारा. बायोकेमिस्ट्री नावाची पदवी जवळ मिळाली नाही, तरी मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत हीच कामं शिकवतात. डोंबिवली-अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या क्वालिटी कंट्रोलला असेच हात लागतात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायचं असेल, तर मात्र डीएमएलटीसारखं वेगळं शिक्षण घ्यावं.

तोवर सुट्टीत घरी एक करा. मेडिकलमधून सुईशिवायची 10 मिलीची सिरिंज आणा. कोकमाच्या आगळात नऊपट पाणी घाला, त्यातलं 1 मिली पुन्हा 9 मिली पाण्यात, असं एकूण तीनदा पातळ करा. शेवटच्या ग्लासात हजारावा भाग उरतो. लाली कुठल्या ग्लासापाशी दिसेनाशी होते, ते मुलीला तारखेसकट वहीत लिहायला सांगा.